उंबऱ्याखालची पुरचुंडी

अण्णा, तुमच्या नातीनं परदेशात घर घेतलंय. घर कसलं, आपल्या जुन्या गोठ्यात असली दोन मावली असती. एक खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा, आणि वळायला जागा नाही एवढं न्हाणीघर. पोर्तुगाल नावाचा देश आहे, ज्यांचं पूर्वी गोव्यात राज्य होतं त्यांचा. समुद्राकाठचं लहानसं गाव, तीन मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. समुद्र दिसतो असं दलाल म्हणाला होता. दिसतो, पण न्हाणीघराच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर. पोरीची नोकरी तिथल्या मोठ्या शहरात, आगगाडीनं तीन तासांवर, आणि हे घर फक्त सुट्टीपुरतं. आम्ही दोघांनी दरवर्षी महिनाभर तिथं जाऊन राहायचं, एरवी ती ते पाहुण्यांना भाड्यानं देणार. नांदे गावची माझ्या सासरची जमीन गेल्या वर्षी बिल्डरकडे गेली, त्यातलेच पैसे तिकडे लागलेत. जिथं आम्ही भात लावायचो तिथं आता बारा मजल्यांचा सांगाडा उभा आहे, आणि त्याच्या बदल्यात आम्हाला अर्धा समुद्र मिळालाय. मला हा सौदा पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटतोय. पण मला काय संशयास्पद वाटत नाही, ते विचारा.

घर ताब्यात आलं आणि कळलं की फरशी जागोजागी पोकळ आहे आणि न्हाणीघराचं पाणी खालच्या म्हातारीच्या छतातून उतरतं. सगळं उकरून नवं करायचं ठरलं. पोरीला रजा नाही. तिनं मिस्त्री शोधला, किल्ली त्याच्या हातात दिली आणि देखरेख माझ्यावर टाकली. "आई, तुझ्याइतक्या संशयानं दुसरं कुणीच बघणार नाही," म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, यावर मी दोन दिवस विचार केला. पण पोरीचं चुकलं नव्हतं. पिरंगुटच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं क्वालिटीत आहे. समोर येणारा प्रत्येक नग खोटा आहे असं धरून चालायचं आणि खरा निघाला तर नाइलाजानं सही करायची, याचा मला पगार मिळतो. शिवाय फरशी कशी बघतात हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, तुम्ही शिकवलंय.

इथं साडेबाराला जेवणाची सुट्टी होते तेव्हा तिथं सकाळचे आठ वाजलेले असतात. कॅन्टीनच्या मागं, स्कूटर लावतात तिथल्या कट्ट्यावर मी डबा उघडते, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवते आणि व्हिडिओ कॉल लावते. मिस्त्री नेपाळचा निघाला. पन्नाशीला आलेला, बारीक, कपाळावर सिमेंटचा पट्टा कायमचा. आधी दहा-बारा वर्षं मुंबईकडे कामं केली, मग कुणाच्या तरी ओळखीनं तिकडे गेला. त्याला हिंदी येतं हे कळल्यावर पोरीला हायसं वाटलं, माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. भाषा येणारा माणूस गोड बोलून वेळ मारून नेऊ शकतो. मुका असता तर निदान हातातलं काम तरी दाखवलं असतं. पहिल्याच दिवशी मी त्याला सिमेंटची पिशवी फोनसमोर धरायला लावली, वाळू मुठीत दाबून दाखवायला लावली. फरशी बसायला लागल्यावर तर रोज सकाळी आदल्या दिवशीची एकेक फरशी मी लाकडी दांड्यानं ठोकून घ्यायची, फोन जमिनीला लावून. "कोना, भैया, कोना," असं माझं चाललेलं. तो बिचारा गुडघ्यावर सरकत चारी कोपरे ठोकायचा. एकदा म्हणाला, "दीदी, आप फ़ैक्टरी में हो कि पुलिस में?" मी हसले नाही. न्हाणीघराच्या जमिनीत पाणी कोंडून, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून, दुसऱ्या दिवशी पाणी रेघेला आहे की खाली हेसुद्धा दाखवायला लावलं. पाणी रेघेला होतं. मग माझ्या मनात आलं, यानं सकाळी तांब्याभर वाढवलं तर नसेल? घरी हे यांना सांगितलं तर म्हणतात, "आगं, त्या मानसाला संडासला तरी जाऊ देतीस का न्हाई? का तितं बी फोन लावतीस?" हे लगेच मिस्त्रीची बाजू घेतात, याचाही मला संशय येतो.

कोपऱ्यांचं तुम्हीच शिकवलंत. मे महिन्याची सुट्टी, मी अकरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन कोळवणच्या पलीकडच्या टेकाडावर यायची. तेव्हा खोऱ्यात फार्महाऊस हा शब्दही आला नव्हता, लोक बंगलाच म्हणायचे. पुण्याच्या साहेबांचा बंगला, खोऱ्यातला पहिलाच, आणि तो तुम्ही बांधत होतात. शहाबादी फरशी बसवताना तुम्ही मला शेजारी बसवायचात, बोटाच्या पेरानं ठोकायला लावायचात आणि विचारायचात, भरीव का पोकळ. एकदा मी घाईनं मध्यभागी ठोकून "भरीव" म्हणाले. तुम्ही माझ्या मनगटाला धरून हात बाजूला नेलात. "मदी ठोकून काय कळतंय? कोपरं ठोक. माल कमी पडला तर तितंच पडतोय." आवाज चढला नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी कशाच्याही मध्यभागावर विश्वास ठेवलेला नाही.

साहेबांना मात्र तुमच्या कोपऱ्यांवरही विश्वास नव्हता. ते शनिवारी जीपनं यायचे आणि आल्या आल्या रिकामी पोती मोजायचे. त्यांच्या बाई पायरीवर उभ्या राहून विचारायच्या, इतकी वाळू कशी लागते हो? तुम्ही मान खाली घालून "लागती, बाई" एवढंच म्हणायचात. घरी आल्यावर आई चिडायची, तर तुम्ही म्हणायचात, "घर त्यांचं हाय. इचारनार न्हाईत तर काय?" उंबरा बसवायची वेळ आली तेव्हा तुम्ही बाईंना म्हणालात, हळदकुंकू लावून सुपारी आणि एखादं नाणं तुमच्या हातानं खाली ठेवा, मग वरची फरशी बसवतो. बाई म्हणाल्या, "ते सगळं आमचे गुरुजी वास्तुशांतीला करतील. तुम्ही तुमचं काम करा." हे माझ्या समोर झालं. पण अकरा वर्षांच्या पोरीनं ऐकलं आणि सोडून दिलं, कारण त्यात ऐकण्यासारखं तिला काही वाटलं नाही. ते मला पुन्हा आठवायला सदतीस वर्षं लागली.

मला आठवत राहिलं ते त्याच दुपारचं. बिगारी झाडाखाली जेवायला बसलेले. मी विटांच्या थप्पीमागं सावलीला चिंचोके खेळत होते. तुम्ही उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसलात. उजवीकडे पाहिलंत, डावीकडे पाहिलंत. बंडीच्या खिशातून कापडाची गाठ मारलेली एक लहान पुरचुंडी काढलीत, ती ओल्या मालात दाबलीत आणि वर फरशी टाकून थापीच्या दांड्यानं बसवलीत. मी तिथं आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी श्वास रोखून बघत होते. का रोखला होता कोण जाणे, पण चोरून करतात ते चोरीचंच असणार एवढं मला कळत होतं. आणि संध्याकाळी बाईंचा आवाज चढला. पूजेसाठी आणलेली चांदीची वाटी खिडकीत ठेवली होती, ती सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर तुमचं घमेलं, थापी, ओळंबा सगळं ओसरीवर. तुम्ही माझ्या आधीच आला होतात. आई विचारत होती, "आवं, आजून मागच्या खोलीची फरशी ऱ्हायली हाय ना?" तुम्ही म्हणालात, "सपलं काम." आईनं पुन्हा विचारलं. "सपलं म्हन्लं ना." त्यानंतर त्या टेकाडावर तुम्ही पाऊल ठेवलं नाहीत. खोऱ्यात पुढं बंगल्यांवर बंगले झाले, सगळे दुसऱ्यांनी बांधले. तुम्ही पिरंगुटला कारखान्यांच्या शेडवर जायला लागलात, पहाटेची एसटी पकडून. मी आज ज्या शेडमध्ये उभी राहून नग तपासते तिचा कोबा तुमच्या हातचा आहे. तो मी ठोकून बघितलेला आहे, हेही सांगून टाकते. चारी कोपरे.

आमच्या घरात या विषयावर कधीच कुणी बोललं नाही, म्हणून माझ्या मनात मीच सगळा निकाल लावून टाकला. फरशी उचलली, खालून वाटी निघाली, साहेबांनी हाकलून दिलं. सरळ हिशेब. मी तुम्हाला चोर समजले, अण्णा. एक दिवस नाही, सदतीस वर्षं. त्या दिवाळीला तुम्ही मला निळा फ्रॉक आणलात, त्याच्याकडे मी बघत राहिले की हा कुठल्या वाटीचा. आठ दिवस घातला नाही. आई म्हणाली, आवडला नसेल. आईच्या पाटल्या कुठं ठेवल्यात हे मी अधूनमधून बघून घ्यायची. तुमच्यावर माया नव्हती असं नाही, फार होती. तुमचा खोकला वाढला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसले. तुम्ही गेलात तेव्हा आठवडाभर माझ्या तोंडात अन्नाची चव नव्हती. पण मायेच्या खाली ती एक फरशी पोकळच राहिली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तिच्यावर पाय पडला की आवाज यायचा.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. सगळं घर झालं होतं, दारातली शेवटची फरशी तेवढी बाकी. मिस्त्री म्हणाला, "दीदी, दरवाज़े वाला एक टाइल रह गया. दस मिनट का काम है. आप आराम से खाना खा लो." आराम से खाना खा लो! महिनाभर ज्यानं मला धड एक घास घेऊ दिला नाही, किंवा मी त्याला, त्याला आज माझ्या जेवणाची काळजी? मी म्हणाले, ठीक आहे भैया, ठेवते. आणि ठेवला नाही. माझा आवाज बंद केला, कॅमेरा बंद केला आणि बघत राहिले. त्याचा फोन पुट्टीच्या डब्याला टेकलेला होता, त्यात दार सरळ दिसत होतं. तो गुडघ्यावर बसला. जिन्याकडे पाहिलं. मागं खोलीत पाहिलं. मग खिशातून कागदाची पुडी काढून त्यानं मालात दाबली आणि वर फरशी ठेवायला लागला.

मला वाटलं, माल कमी पडलाय आणि हा खाली कचरा भरतोय. अण्णा, खोटं कशाला सांगू, तेवढंच वाटलं असतं तर मी आवाज चालू करून इतकी ओरडले नसते. "रुको! क्या डाला नीचे?" त्याच्या हातातली थापी पडली. कट्ट्यावर जेवणाऱ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, "कुछ नहीं दीदी." कुछ नहीं म्हटल्यावर तर माझा तोल गेलाच. "निकालो. अभी के अभी निकालो." तो म्हणाला, बसली आहे, तुटेल. मी म्हणाले, तुटू दे. त्यानं थापी घालून फरशी उचलली, तिचा एक कोपरा उडाला. मालानं भिजलेली पुडी त्यानं शर्टाला पुसली आणि फोनसमोर उघडून धरली. आत हळद लागलेली एक सुपारी होती, चिमूटभर तांदूळ होते आणि तिथलं एक नाणं होतं.

"चौखट के नीचे खाली नहीं छोड़ते, दीदी," तो म्हणाला. "मालिक के हाथ से डलवाते हैं. बेटी तो यहाँ है नहीं. आपको बोलने में शरम आया, आप इतना चेक करती हो, बोलोगी ये क्या ढोंग है. तो मैंने अपना डाल दिया." रागावला नव्हता. नुसता उभा होता, तळहातावर ती सुपारी घेऊन. सुपारी त्यानं कुठल्या तरी दुकानातून शोधून आणली असणार, तिथं ती काय कोपऱ्यावर मिळत असेल? मला बाईंचा आवाज ऐकू आला, तुम्ही तुमचं काम करा. आणि त्यानंतर थप्पीमागून पाहिलेलं सगळं, तुमचं उजवीकडे बघणं, डावीकडे बघणं, बंडीचा खिसा. चोराचं बघणं नव्हतं ते. आपल्या पदरची सुपारी दुसऱ्याच्या घराला देताना कुणी बघितलं तर हसेल, एवढीच भीती होती. दुसऱ्याचा उंबरा रिकामा राहू नये म्हणून तुम्ही ते केलंत, आणि त्यांनी तो तुम्हालाच उकरायला लावला असणार.

मिस्त्रीनं विचारलं, "अब क्या करूँ? निकाल दूँ?" मी म्हणाले, नको, होतं तसंच ठेव. माझ्या नावानं ठेव. माफ करा म्हणायला हवं होतं, पण ते काही तोंडातून आलं नाही. उडालेल्या कोपऱ्याची फरशी बदलू का, असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, राहू दे तशीच. फरशी बसवून झाल्यावर सवयीनं त्यानं लाकडी दांडा उचलला आणि म्हणाला, "ठोक के सुनाऊँ?" मी म्हणाले, "नहीं, भैया. ठीक होगा." तेवीस वर्षांच्या नोकरीत न तपासता पास केलेला माझा हा पहिला नग.

एवढं कळल्यावर माणसानं शांत व्हावं की नाही? पण तुमच्या लेकीचा स्वभाव बघा. संध्याकाळी भूगावच्या गर्दीत बस अडकली आणि माझ्या मनात आलं, तुमची पुरचुंडी कापडाची होती, जरा मोठी नव्हती का? नुसत्या सुपारीला एवढं कापड कशाला? मग वाटी गेली कुठं? आपल्या कोळवणच्या घरी जाताना तो बंगला अजून दिसतो, तिसऱ्या मालकाकडे आहे, आता तिथं शनिवार-रविवार पोहायला आणि गाणी लावायला लोक येतात. गेल्या रविवारी मी फाटकापर्यंत गेले. राखणदार म्हणाला, "कोन पाह्यजे?" मी म्हणाले, उंबरा बघायचाय. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "उंबरा काडला की कवाच. हितं आता सरकतं काचंचं दार हाय." म्हणजे आता काहीच कळणार नाही, आणि त्या पुरचुंडीत सुपारीच होती एवढं मला कुठलाही पुरावा नसताना धरून चालावं लागणार आहे. मला ते जड जातंय. पण मी ते करणार आहे.

मी कारखान्यात लागले तेव्हा तुम्ही मला भिंत सरळ आहे का बघायचा तुमचा पितळी ओळंबा दिलात. तो माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे, मोजमापाच्या हत्यारांशेजारी, कामात कधीच लागत नाही. देताना म्हणालात, "नुसत्या डोळ्यावर इस्वास ठिवू नगंस, बाय. आदी दोरी सोड, मंग बोल." मला वाटलं तुम्ही नोकरीबद्दल बोलताय. गेले चार दिवस त्या वाक्यावरून माझं मन हलत नाही. हे मी रद्द झालेल्या तपासणी अहवालांच्या कोऱ्या बाजूंवर लिहितेय. हे कागद घरी नेता येत नाहीत, संध्याकाळी तुकडे करायच्या यंत्रात जातात. बरंच आहे, नाहीतरी पत्ता काय घालणार होते?

एक राहिलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेले होते, तुमच्या मागोमाग. बाईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं. "तू तर दिवसभर इथंच खेळत असतेस ना गं? काल कुणाला काही ठेवताना पाहिलंस का?" चोरी हा शब्दही त्यांनी काढला नाही. त्यांच्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता. मी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. तुमचं नाव घेतलं नाही, घ्यावं लागलं नाही. पुडा घेऊन मी ओढ्यावर पळाले, तिथं बसून एकटीनं सगळा संपवला आणि कागद दगडाखाली दाबला. मग घरी आले, आईचं तुम्हाला विचारून झालं आणि तुम्ही अंगणात हातपाय धुवायला लागलात. मला जवळ बोलावलंत. माझ्या झग्यावर बिस्किटाचा चुरा सांडला होता, तो तुम्ही ओल्या हातानं झटकलात, आणि म्हणालात, "जा, जेव जा."